आवडूबाय उभी राहिली

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. आज कालवबांवात जिथे एस.टी. वळते तिथे तेव्हा लाट वळायची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

कालवबांव हे किनाऱ्यावरचं एवढंसं गाव. वरच्या अंगाला आपा खोतांची माडांची बाग, आणि खालच्या अंगाला, पुळणीला म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला चिकटून, वाळूवाडी. वाडीत घरं सत्तावीस, आणि सगळी रापणीवर जगणारी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचं लांबलचक जाळं. ते एकट्यादुकट्याचं काम नव्हे, ओढायला अख्खी वाडी लागते. पण जाळं टाकायचं कुठे, हे सांगायला एकच माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे आवडूबाय कुबल.

आवडूबायचा घोव, म्हणजे नवरा, तरुणपणीच गेला होता. तेव्हापासून ती रोज सकाळी पुळणीवर उभी राहायची, पाण्याचा रंग बघायची आणि हात करून मासळीची जागा दाखवायची. असं म्हणतात, की पाण्याखालचा बांगडा नर की मादी हेसुद्धा तिला वरून कळायचं. बांगड्याला स्वतःला कळत होतं की नाही, कोण जाणे.

तिला व्यसन एकच. मशेरी. सकाळ-दुपार-संध्याकाळ चिमूट दाताला लागलेली, आणि ती लागली की आवडूबाय मुकी. पुढे जे रामायण घडलं ते या मशेरीमुळे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तर झालं असं, की समुद्र गावात यायला लागला. एका पावसाळ्यात त्याने होड्यांची खोप नेली, दुसऱ्या पावसाळ्यात वाडीची विहीर खारी केली, आणि तिसऱ्या पावसाळ्यात तर थेट आवडूबायच्या अंगणात येऊन तुळशीला पाणी घालून गेला. गावाने अर्जावर अर्ज केले. शेवटी सरकारातून उत्तर आलं, की दगडी बांध मंजूर. खर्चाचा काही वाटा गावाने वर्गणीतून उचलावा, ग्रामसभेने तसा ठराव करावा, आणि बांध कुठून कुठे जाईल ती रेघ सरपंचाने जागेवर दाखवावी.

सरपंच होते आपा खोत. वीस वर्षं तेच होते. त्यांनी ग्रामसभा बोलावली ती देवळाच्या मंडपात, आणि ठराव वाचायला उभा केला भिकू घाडीला.

आता हा भिकू घाडी म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस. गाऱ्हाणं कसं असतं ते ठाऊक आहे ना? घाडी नारळ हातात घेऊन देवाला एकेक मागणं लांब सुरात सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव एका तोंडाने म्हणतो, 'होय म्हाराजा!' चाळीस वर्षं हेच करून भिकूच्या गळ्यातून दुसरा सूरच निघेनासा झाला होता. एकदा त्याने कोणाला मुंबईहून आलेलं पत्र वाचून दाखवलं, तर ऐकणाऱ्यांनी मजकुराला होय म्हणून शेवटी नारळ फोडला.

तो भिकू ठराव हातात घेऊन उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्यो जो दर्या आमच्या दारात इल्लो आसा, तेका आडवो बांध घालूचो आसा, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तो बांध खोतांच्या माडापासून खोतांच्या माडापर्यंत होतलो, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेची वर्गणी घराघरातसून जमा होतली, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ज्या घराक ती देवक जमाची नाय, तेची जागा पंचायतीक लागतली, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा होय आपा खोतांचा होता. मग भिकूने सवयीने नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि ठराव पास.

दुसऱ्या दिवशी ठराव पंचायतीच्या फळ्यावर लागला आणि शाळेच्या मास्तरांनी तो सपाट आवाजात वाचून दाखवला. सपाट आवाजात वाचल्याबरोबर वाळूवाडीच्या तोंडचं पाणी पळालं. खोतांच्या माडापासून खोतांच्या माडापर्यंत, म्हणजे बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! म्हणजे बांध बागेला, वाळूवाडी बांधाच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला. वर पैसे वाडीने द्यायचे, आणि नाही दिले तर उरलीसुरली जागाही जायची.

"पण हेका होय म्हटला कोणी?" वाडीचा म्हातारा धाकू तांडेल ओरडला.

"तुम्हीच," मास्तर म्हणाले. "तुमचा आवाज तर दोनदा ऐकू आला."

आता तुम्ही म्हणाल, मग ठराव फिरवायचा. पण कालवबांवात देवासमोर म्हटलेलं होय फिरत नाही. मागे एकाने गाऱ्हाण्यात गाय द्यायला होय म्हटलं आणि घरी येऊन विचार बदलला. असं म्हणतात, की त्याची गाय त्या दिवसापासून दुधाऐवजी ताक देऊ लागली. तेव्हा गाव स्वतःच्या शब्दाने बांधला गेला होता, तो सुटणार कसा?

एवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की आवडूबाय काही बोलत नाहीये. तिने सावकाश चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी खंय होय म्हटलंय?"

"म्हणजे?"

"माझ्या तोंडात मशेरी होती. देवाच्या पायरीर थुकू कशी? म्हणान खाली उभी रवलंय. तुम्ही सगळ्यांनी होय म्हटलास, मी नुसती मान हलवलंय. ती पण माशी इली म्हणान."

अख्ख्या कालवबांवात आपा खोतांच्या ठरावाला न बांधलेला एकच माणूस उरला होता, आणि तो मशेरीच्या कृपेने.

पंचायतीची निवडणूक महिन्यावर आली होती. बांधाची रेघ दाखवणार नवा सरपंच. मास्तरांनी हे बोलून दाखवलं, पण उभं राहायला कोणी पुढे येईना, कारण आपांच्या विरोधात आजवर कोणी शेवटपर्यंत टिकलं नव्हतं. आणि हो, कायद्याचं पुस्तक काढून वाद घालू नका. गोष्टीत सरपंच गावच निवडतं.

आपांची रीत अशी होती. निवडणुकीला कोणी उभा राहिला, की ते त्याला घरी बोलवायचे. पडवीत वेताची आरामखुर्ची होती. "ये रे, दमलंस, बस," म्हणायचे. वर कोकमचं सरबत. माणूस एकदा त्या खुर्चीत बसला, की बसलाच. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्ज मागे. वीस वर्षांत आपांनी सतरा जणांना असं बसवलं होतं, आणि त्यात एक पहिलवानही होता.

आवडूबायने हे सगळं ऐकून घेतलं. समुद्राकडे बघितलं. मग म्हणाली, "तर मग मी उभी रवतंय."

आणि ती उभी राहिली. तुम्ही-आम्ही म्हणतो तशी नव्हे. खरोखरची उभी राहिली.

तालुक्याला अर्ज भरायला गेली, तर कचेरीतला कारकून म्हणाला, "बसा बाई."

"बसूक इलंय नाय. उभी रवूक इलंय."

कारकुनाने निशाण्यांची यादी पुढे केली. दोनच उरल्या होत्या, खुर्ची आणि शिडी.

"शिडी लिवा," आवडूबाय म्हणाली. "शिडीर कोण बसणा नाय. चढतत नाय तर उतरतत."

अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंत एकोणीस दिवस होते. असं म्हणतात, की त्या एकोणीस दिवसांत आवडूबाय एकदाही बसली नाही. जेवली उभ्याने. झोपली ती होडीच्या डोलकाठीला पदराने स्वतःला बांधून घेऊन. पाय सुजले तेव्हा गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली, आणि असंही म्हणतात, की मुडदुशा मासळ्या येऊन तिच्या पोटऱ्या चेपून जायच्या. वाडीतल्या बायका पहिल्या दिवशी पाट घेऊन आल्या, तिने तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी चौरंग आला, तोही गेला. तिसऱ्या दिवशी बायका रिकाम्या हाताने आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी मासळी उभ्याने साफ केली आणि भांडणंही उभ्यानेच केली.

नवव्या दिवशी आपा खोतांचं बोलावणं आलं.

आवडूबाय गेली. पडवीत खुर्ची होतीच. नुकताच नवा वेत विणून घेतला होता, पिवळाधमक.

"ये गो आवडू. दमलंस मगो? बस."

"बरी आसंय हयसर."

"बायलमाणसान पंचायतीत बसान काय करूचा, सांग बघया."

"बसान काय करूचा नायच, आपानू. काय ता उभ्यानच करूचा."

आपा हसले. त्यांनी सरबत मागवलं. तिने ते उभ्याने प्यायलं आणि बरं झालंय म्हणून सांगितलं. मग आपांनी आवाज खाली आणला.

"आयक. तुझा एक घर आसा. म्हातारपण इला. बांध माझ्या बागेवरसून थोडो खाली वळवतंय, तुझ्या एकटीच्या घराक भायरसून वळसो घालतंय. तुळस पुन्ना अंगणात लाव. वर्गणीव तुका माफ. फक्त आता हयसर बस."

खोटं कशाला सांगा, तिचे पाय नऊ दिवसांचे ठणकत होते. तिला तिचा उंबरा दिसला. घोवाने स्वतः बसवलेला होता तो, काळ्या दगडाचा, मधोमध झिजलेला. गेल्या पावसात लाट त्याला लागून परत गेली होती, आणि ती रात्रभर कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसली होती. पुढच्या पावसात उंबरा राहणार नाही हे तिला पाण्याच्या रंगावरून केव्हाच कळलं होतं. आणि समोर खुर्ची. असं म्हणतात, की त्या घडीला तिचे गुडघे चार बोटं वाकले. आपांनी मोजली बोटं.

मग ते गुडघे पुन्हा ताठ झाले.

"सव्वीस घरां भायर ठेवन मी एकटी भितर बसू?" ती म्हणाली. "मगे मी हात करून मासळी दाखवतंय, ती रापण वडतलो कोण? तुम्ही?"

आपांचा आवाज चढला. "उभ्यान मरशीत, आवडू!"

"मेलंय तर उभ्यान मरतलंय. जाळूचा कसा ता तुम्ही बघा. लाकडां तुमच्याच बागेतली लागतली."

आणि ती निघाली. त्या दिवशी आपा खोतांना पहिल्यांदा आपल्या खुर्चीत आपल्यालाच बसवेना.

पण आपाही कच्चे नव्हते. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी देवळात गाऱ्हाणं ठेवलं. गावाच्या कल्याणासाठी, असं सांगितलं. गाव जमला. वाळूवाडीही आली, देवाचं काम म्हटल्यावर येणारच. भिकू घाडी नारळ घेऊन उभा राहिला, आणि त्याने पहिला सूर लावला तेव्हा आवडूबायला कळलं की आज काय होणार आहे. गावाच्या जिभेला विचार करायची सवयच नव्हती. सूर आला की होय जाणार, आणि एकदा होय गेलं, की उद्याचं मत कागदावर पडायच्या आधीच बांधलं जाणार. तिने सकाळपासून तोंडाला मशेरी लावली नव्हती.

"बा देवा म्हाराजा! आज जी काय ही तुझी लेकरां हयसर जमली आसत, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंच्या घरादाराक, होडयेक, जाळ्याक सुख लाभांदे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि तेंनी उद्या एका मतान, एका चित्तान, आपा खोतांकच मत देवचा, रे म्हाराजा!"

गावाने तोंड उघडलं. होय ओठांपर्यंत आलं. आणि मंडपाच्या मधोमध उभी असलेली आवडूबाय, जिच्या हाकेने अर्ध्या समुद्रातली होडी वळायची, ती सगळ्यांच्या आधी ओरडली,

"नाय म्हाराजा!"

असं मंडपात कधी कोणी म्हटलं नव्हतं. कौलांवरचे कावळे उडाले. गावाने उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. भिकूला वाटलं आपल्यालाच ऐकायला कमी आलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"नाय म्हाराजा!" या वेळी धाकू तांडेलही होता, आणि मागच्या बायका.

आपांनी डोळे वटारले. भिकूने तिसऱ्यांदा म्हटलं. आणि वाळूवाडीची सत्तावीस घरं एका तोंडाने उसळली, "नाय म्हाराजा!"

भिकूने नारळ खाली ठेवला. "आपानू," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "ह्याच्या फुडला माका येणा नाय. चाळीस वर्षां होय आयकलंय. नाय इल्यार काय म्हणूचा, ता बापाशीन माका शिकवूकच नाय."

असं म्हणतात, की तेव्हा देवळाची घंटा आपोआप वाजली. काही जण म्हणतात आपोआप नाही, आपा खोत तरातरा बाहेर पडले तेव्हा त्यांचं डोकं लागून वाजली. ते काही असो, घंटा वाजली.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. आपांना मतं पडली अकरा. त्यांच्या घरातच मतदार चौदा होते.

पण ठराव होताच. चार दिवसांनी ओव्हरसियर माणसं आणि चुन्याच्या फक्कीच्या टोपल्या घेऊन आला, रेघ मारायला, तेव्हा आपा खोत पांढरेशुभ्र कपडे घालून हजर. "सरपंच कोणीय होवंदे," ते म्हणाले, "ठराव गावान देवासमोर केल्लो आसा. खोतांच्या माडापासून खोतांच्या माडापर्यंत. तो फिरवूक जमाचो नाय."

"फिरवूक खंय व्हयो कोणाक?" आवडूबाय म्हणाली. "होय तो होय. चला."

ती पुढे, ओव्हरसियर मागे, त्याच्या मागे गाव. बागेच्या कोपऱ्यातल्या पहिल्या माडाशी तिने बोट टेकवलं. फक्कीचा पहिला पांढरा ठिपका पडला. आणि तिथून ती बागेच्या कडेने न जाता सरळ खाली उतरली, पुळणीवर, पाण्याच्या काठाने, वाळूवाडीला बाहेरून वळसा घालत.

"खंय चाल्लंस?" आपा ओरडले. "माड हयसर आसत!"

"एक थयसरव आसा."

वाडीच्या पार पलीकडे, शेवटच्या घरापुढे, एक वाकडा माड होता. त्याला वर्षाला चार नारळ लागायचे, तेही किडके. पण त्या माडासाठी आपांनी धाकू तांडेलाशी सात वर्षं कोर्टात भांडण केलं होतं. जिंकले तेव्हा बुंध्यावर लाल रंगाने हातभर मोठं 'खोत' लिहून घेतलं होतं. ते अजून समुद्रातूनसुद्धा वाचता येत होतं.

गाव आधी माडाकडे बघू लागला, मग आपांकडे.

"कोणाचो ह्यो माड, आपानू?" धाकू तांडेलाने अगदी लोण्यासारख्या आवाजात विचारलं. "तुमचो नाय म्हणत असल्यास, तर माका देवन सोडा."

आपांच्या तोंडून होय निघेना आणि नायही निघेना. असं म्हणतात, की ते तोंड तसंच उघडं ठेवून तीन दिवस फिरत होते, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यात पेज ओतून त्यांना जगवलं.

रेघ पुढे सरकली. आवडूबायच्या घरासमोर आली तेव्हा भरती लागली होती. ती अंगणाच्या पुढे, पाण्यात, घोट्यापर्यंत बुडून उभी राहिली.

"बाई, मागे सरा," ओव्हरसियर म्हणाला. "इथे फक्की टिकणार नाही."

"टाका तुम्ही. माझ्या फुडसून टाका."

मोठी लाट आली. माणसं मागे पळाली, टोपल्या पडल्या, ओव्हरसियर धाकूच्या खांद्यावर चढला. आवडूबाय हलली नाही. तिने समुद्राकडे बघितलं, जसं ती तीस वर्षं बघत आली होती, आणि देवळातल्याच आवाजात म्हणाली, "नाय!" असं म्हणतात, की लाट तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. थोडा वेळ दोघी एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. मग लाट बसली.

फक्की तिच्या पुढून पडली. म्हणून आजही त्या बांधाला एके ठिकाणी समुद्राच्या बाजूला पोट आलंय. शहरातले इंजिनियर येऊन त्याला चूक म्हणतात. म्हणू देत.

बांध आता ठरल्यापेक्षा तिप्पट लांब होणार होता. पण वर्गणीला तर गावाने होय म्हटलेलं! ज्याच्याकडे जे होतं ते त्याने द्यायचं, असं नव्या सरपंचाने सांगितलं. आपांकडे दगडाची खाण होती, आणि सगळ्यांत मोठा होय त्यांचाच होता, त्यामुळे दगडाचा प्रश्न राहिला नाही. वाळूवाडीकडे हात होते. त्यांनी रापणीचे दोर दगडांना बांधले आणि जाळं ओढावं तसे दोन्हीकडून ओढले. आठ माणसांना न हलणारे धोंडे पुळणीवरून मासळीसारखे सरकत आले, असं म्हणतात. ओढताना वाडी एरवी 'होय रे होय' म्हणायची. त्या वर्षी 'नाय रे नाय' म्हणून ओढलं, आणि दगडांनाही ते जास्त मानवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर शेवटचा दगड बसला. समुद्र आला, बांधाला टकरा देऊन परत गेला. सत्तावीस घरांतलं एकही गेलं नाही.

त्यानंतर आवडूबाय पुष्कळ वर्षं जगली. पंचायतीत तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर ती कागद ठेवायची. आणि ती बसली कधी? यावर गावात अजून वाद आहे. काही म्हणतात, बांधाच्या त्या पोटावर एका सकाळी तिने मशेरी लावली, पाय पाण्याकडे सोडून बसली आणि तशीच गेली. वाळूवाडीवाले हे मानत नाहीत. ते म्हणतात ती बसलीच नाही.

तेव्हापासून कालवबांवची ग्रामसभा बांधावर भरते, उभ्याने. ठराव आधी सपाट आवाजात वाचतात. वाचून झाला की सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने एकदा मोठ्याने 'नाय म्हाराजा' म्हणायचं, आणि का नाय ते पुढच्यांनी शोधायचं. काही सापडलं नाही तरच ठराव पास. आणि निवडणुकीला जो अर्ज भरतो, त्याला मतदान होईपर्यंत गावात कोणी बसायला देत नाही. पाट नाही, चटई नाही, उंबरासुद्धा नाही.

मागे तालुक्याचा एक मोठा उमेदवार मतं मागायला आला. उन्हातून आला होता, घामाघूम. वाळूवाडीत एका दारात थांबून म्हणाला, "आजी, जरा खुर्ची मिळेल का?"

म्हातारी मासळी साफ करत होती. उभ्यानेच. तिने मानही वर केली नाही.

"बसूचा होता," ती म्हणाली, "तर उभे कित्याक रवलास?"